कमरेएवढं गवत, तरी गाय उपाशी



आज आपण गवताविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गवताविषयी काय बोलायचं? रोज कापतो, डोक्यावरून आणतो, दावणीत टाकतो. मीही तसंच समजत होते. माझे डोळे उघडले ते एका गाईमुळे. म्हणून आधी त्या गाईची गोष्ट सांगते.

माझं माहेर माणदेशात, म्हसवडच्या बाजूला. सासर जावळीच्या डोंगरात. दोन्ही गावं सातारा जिल्ह्यातलीच. पण माहेरी वर्षाचा पाऊस जेमतेम ४५० ते ५०० मिलिमीटर, आणि सासरहून जवळ असलेल्या महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. एका जिल्ह्याच्या दोन टोकांमध्ये पावसात दहापटीहून जास्त फरक!

लग्न झालं तेव्हा माझ्या वडिलांनी एक खिलार कालवड दिली. माहेरी ती माळावर चरायची. तिथलं गवत वीतभर, फार तर गुडघ्याएवढं. उन्हाळ्यात तर माळ नुसता पिवळा. तरी कालवड तुकतुकीत होती. वडिलांना वाटलं, पोरगी पावसाच्या मुलखात चाललीय, तिथं गवताला तोटा नाही, कालवड सुखात राहील.

आणि खरंच, सासरी गवताला तोटा नव्हता. श्रावणात डोंगर हिरवागार, दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं. आम्ही भारेच्या भारे आणायचो, मोठी गंज रचायचो. कालवड दिवसभर खायची. पण वर्षभरात तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. केस राठ झाले. ती माजावर येईना. पुढं पुढं तर ती दावं चघळायची, वाळत घातलेलं धुणं ओढायची, कुठं जुनं हाड दिसलं की तेच तोंडात धरून उभी राहायची. आत्याबाईंना वाटलं, कुणाची तरी नजर लागली. उतारा झाला, अंगारा झाला. अशी तीन वर्षं गेली.

शेवटी गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी तिचं शेण पाहिलं, आमची गंज पाहिली, गंजीतलं गवत हातात घेऊन मोडून पाहिलं. मग म्हणाले, "मावशी, गाय उपाशी आहे."

आत्याबाईंना ते फार लागलं. म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या दारात आलेलं कुत्रंसुद्धा उपाशी जात नाही. गाईचं पोट बघा, टच्च भरलंय."

डॉक्टर म्हणाले, "पोट भरलंय मावशी, अंग भरत नाही."

मैत्रिणींनो, आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे. गवत किती आहे हे आपण भाऱ्यावरून मोजतो. त्यात काय आहे, हे मोजत नाही.

पाऊस जास्त तिथं गवत जास्त, हे उघड आहे. मग तिथल्या गवतात कस कमी का? याची दोन कारणं आहेत. एक जमिनीत आहे आणि एक गवताच्या वाढीत.

आधी जमिनीचं बघू. आपण एकदा चहा करतो, चांगला होतो. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून उकळला तर फिका होतो. तिसऱ्यांदा उकळला तर नुसतं रंगाचं पाणी. डोंगरावरच्या जमिनीचं तसंच झालंय. हजारो वर्षं तिच्यातून धो-धो पाणी जातंय. त्या पाण्याबरोबर चुना, पालाश, मॅग्नेशियम असे क्षार धुऊन जातात. मागं राहतं ते लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून ती जमीन तांबडी दिसते, आणि तिचाच पुढं जांभा दगड होतो. त्यात आणखी एक अडचण आहे. हे लोह आणि ॲल्युमिनियम जमिनीतलं स्फुरद धरून ठेवतात. स्फुरद असतं, पण मुळांना मिळत नाही. कुलूप लावलेल्या कणगीतलं धान्य जसं.

माणदेशात उलटं आहे. दगड मूळचा तोच, काळा. पण पाऊस कमी, त्यामुळं क्षार धुऊन जात नाहीत. तिथं जमीन उकरली की चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. माझ्या माहेरी पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसायचा, आई चिंच लावून घासायची. सासरी झऱ्याचं पाणी वर्षानुवर्षं तापवलं तरी तसा थर नाही. तुमच्याही घरात हे बघा. पाण्यात उतरलेला चुना हा जमिनीतलाच असतो. जिथं पाण्यात तो नाही, तिथं जमिनीतून तो कधीच निघून गेलाय.

साताऱ्याजवळचं कासचं पठार तुम्हाला माहीत आहे. फुलं बघायला माणसं गर्दी करतात. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशात जागा मिळाली, त्यात कासही आहे. तिथल्या जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आणि निकस आहे, की काही झाडांनी पोट भरायचा वेगळाच मार्ग काढलाय. दवबिंदू नावाचं एक इवलं झाड आहे. त्याच्या पानावर चिकट थेंब असतात. किडा बसला की चिकटतो, आणि झाड त्याचा रस शोषून घेतं. सीतेची आसवं म्हणून जी निळी-जांभळी फुलं सगळे कौतुकानं बघतात, तिच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात. पाण्यातले सूक्ष्म जीव त्या पिशव्यांत ओढून घेऊन ती जगते. जमिनीत नत्र आणि स्फुरद मिळत नाही, म्हणून झाडांवर किडे खायची पाळी आली! मग त्याच जमिनीवर वाढलेल्या गवतात आमच्या गाईला काय मिळणार होतं?

आता दुसरं कारण, गवताच्या वाढीचं. कोवळी मेथी आणि जून मेथी यातला फरक तुम्हाला सांगायला नको. पानं लुसलुशीत असतात, दांडे चरबट होतात. गवताचंही तेच. जिथं चार महिने पाणी मिळतं, तिथं गवत झपाट्यानं उंच जातं. उंच उभं राहायचं तर काडी कडक हवी, म्हणून ते काडी जाड करतं. जमिनीतून मिळालेलं थोडंसं नत्र एवढ्या मोठ्या अंगात वाटलं जातं. दुधात पाणी घातल्यासारखं होतं, भांडं भरतं पण दूध वाढत नाही. मग फुलोरा येतो. पानांतलं सत्त्व बियांत जातं, मुळांत जातं. बी गळून पडलं की उभी राहते ती नुसती काडी.

कमी पावसाच्या माळावर गवताला उंच जायला पाणीच नसतं. ते बुटकं राहतं, पान जास्त, काडी बारीक. पाऊस थांबला की लवकर वाळतं, आणि पुष्कळसं सत्त्व पानातच राहून जातं. म्हणून माळावरचं वाळलेलं गवतसुद्धा जनावर आवडीनं खातं.

हे फक्त आपल्या जिल्ह्याचं नाही. १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांचं देशभरातल्या गवतांवरचं पुस्तक निघालं. त्यांनी भारतातल्या गवताळ रानांचे पाच मुख्य प्रकार सांगितले. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात अंजन आणि सेवण यांसारखी गवतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत माणूस झाकेल अशी उंच गवतं. हिमालयाच्या पायथ्याची वेगळी, वरच्या थंडीतली वेगळी. आणि आपल्या दख्खनच्या पठारावर प्रामुख्यानं पवन्या आणि मारवेल. म्हणजे गवत कुठलं उगवणार हे पाऊस, थंडी आणि माती मिळून ठरवतात. सेवण गवताचं बघा. जैसलमेरकडं पाऊस माणदेशाच्या निम्माही नाही, पण त्या गवतावर थारपारकरसारखी दुधाची गाय जगते.

आपल्या मेंढपाळांना तर हे कुणी शिकवलंच नाही. फलटण, माण भागातले धनगर बांधव दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. तिथं भात कापलेला असतो, खाचरं मोकळी असतात. शेतकरी मेंढरं शेतात बसवून घेतात, कारण लेंडीखतानं त्या धुतलेल्या जमिनीला थोडा कस परत मिळतो. पण पावसाळा जवळ आला, कोकणात गवत फुटायची वेळ झाली, की हीच मेंढरं घाट चढून परत माळाकडं निघतात. ऐन गवताच्या दिवसांत गवताचा मुलूख सोडतात! ओल्यात मेंढराचे खूर सडतात हे एक कारण आहेच. आणि त्याच दिवसांत माळावर बुटकं पण कसदार गवत उगवतं, हेही आहे.

आता थोडा हिशोब करू. आपण गटात पैशाचा हिशोब करतो, तसाच हा. तीनशे किलोची गाय दिवसाला साधारण सात किलो वाळलेलं गवत खाते. फुलोऱ्याच्या सुमाराला कापून वाळवलेलं चांगलं गवत असेल, तर १०० किलोत सातएक किलो प्रथिनं असतात. म्हणजे गाईला दिवसाला ४९० ग्रॅम मिळाली. तेच गवत बी गळून गेल्यावर कापलं, तर १०० किलोत प्रथिनं राहतात दोन-तीन किलो. तीन धरली तरी दिवसाला २१० ग्रॅम. गाईला दूध नाही, वासरू नाही, नुसतं अंगापुरतं म्हटलं तरी ३०० ग्रॅमच्या वर लागतात. म्हणजे ती रोज स्वतःचं अंग मोडून खाते.

यात आणखी एक गोम आहे. गाईच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. गवत तेच पचवतात. त्यांनाही प्रथिनं लागतात. शंभरात सातच्या खाली प्रथिनं गेली की ते जीव कमी होतात, गवत पोटातच पडून राहतं, पोट फुगलेलं दिसतं आणि गाय आणखी खाऊ शकत नाही. आत्याबाई ज्याला टच्च भरलेलं पोट म्हणत होत्या, ते हेच. आणि हाड चघळणं, दावं खाणं ही स्फुरदाच्या कमतरतेची खूण. स्फुरद कमी पडलं की जनावर माजावर येत नाही.

मैत्रिणींनो, गटातून कर्ज काढून आपण गाय घेतो, म्हैस घेतो. हप्ता दुधातून फेडायचा असतो. जनावर एक वेत चुकलं की वर्ष गेलं. बाजारातून सरकी पेंड आणून भरपाई करायची तर दुधाचे पैसे पेंडीतच जातात. आणि गवताचा भारा तर बाईच्याच डोक्यावर असतो. डोंगर चढून, कोस-कोस चालून आणलेला भारा जर नुसती काडीच असेल, तर ते कष्ट कुणाच्या अंगी लागले? ना गाईच्या, ना आपल्या. म्हणून पुढचं नीट ऐका. यातलं बरंचसं बिनपैशाचं आहे.

पहिली गोष्ट, कापायची वेळ. गवत फुलोऱ्यात येताना कापा. त्या वेळी भारा थोडा हलका भरतो, पण त्यात कस असतो. कोरड्या भागात भाद्रपद-अश्विनात उघडीप मिळते, तेव्हा कापून वाळवता येतं. कुसळी गवत तर कुसळं धरायच्या आधीच कापावं. तेव्हा ते चांगली वैरण असते, नंतर तीच कुसळं जनावराच्या तोंडात आणि मेंढराच्या लोकरीत घुसतात. पण सगळं रान एकदम कापू नका. एक तुकडा बी पडायला राखा, आणि दरवर्षी राखायचा तुकडा बदला. नाहीतर पवन्या-मारवेलसारखी गोड गवतं संपतात आणि रान नुसत्या कुसळीचं होतं.

घाटमाथ्यावर अडचण वेगळी. फुलोऱ्याच्या वेळी पाऊस हटत नाही, गवत वाळत नाही, म्हणून आपण दिवाळीनंतरच विळा घेतो. तिथं असं करा. घराजवळचा एक तुकडा पावसाळ्यात लवकर कापून हिरवाच खाऊ घाला. त्याला पुन्हा फुटवा येतो, तो अश्विनात उघडीप मिळाली की कोवळा कापता येतो. ही वैरण वेगळी ठेवा. गाभण आणि दुभत्या जनावराला ती, आणि जून काडी भाकड जनावराला.

दुसरी गोष्ट, जोडीला शेंगवर्गीय चारा. या झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतला नत्र धरतात. म्हणून जमीन निकस असली तरी त्यांच्या पाल्यात प्रथिनं भरपूर. बांधावर शेवरी लावा, दशरथ घास लावा, माळावर स्टायलो टाका. कुळीथ, उडदाचं भुसकट फेकू नका. कोरड्या भागात बांधावर मारवेलचे ठोंब लावा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेलचे सुधारित वाण काढलेत.

तिसरी गोष्ट, खनिज मिश्रण. जमिनीत नाही ते गवतात येत नाही, आणि गवतात नाही ते गाईला बाहेरूनच द्यावं लागतं. मोठ्या दुभत्या जनावराला रोज साधारण ५० ग्रॅम. वासराला किती, गाभण जनावराला किती, हे गुरांच्या डॉक्टरांना विचारा. गटानं मिळून आणलं तर स्वस्त पडतं. माणदेशातल्या बायकांनी असं समजू नये की आपलं गवत कसदार म्हणजे आपल्याला याची गरज नाही. फाल्गुन-चैत्रात माळावरचं गवतही उतरतं, आणि मुळात ते थोडंच असतं. २०१२-१३ च्या दुष्काळात छावण्यांत जनावरं बांधायची वेळ आपल्यावर आलीच होती. घाटावर कस कमी, माळावर भारा कमी. दोघींची अडचण वेगळी, म्हणून उपायही वेगळा.

चौथी गोष्ट, वणवा लावू नका. जाळल्यावर कोवळी फूट येते हे खरं, आणि म्हणून लोक जाळतात. पण गवतातला नत्र धुरावाटे उडून जातो. राख राहते, ती उतारावरून पहिल्या पावसात ओढ्याला जाते. आधीच फिका झालेला चहा आपण आणखी एकदा उकळतो. आणि एक बघा. दरवर्षी आपण गायरानातून, डोंगरातून गवत आणतो, शेण मात्र शेतात जातं. रानाला कधी काही परत मिळत नाही. निदान घराजवळच्या गवताच्या तुकड्याला तरी दोन पाट्या शेणखत द्या.

शेवटची गोष्ट, रोजची परीक्षा. यंत्र लागत नाही. सकाळी शेण काढताना बघा. पो मऊ, पसरट पडला असेल तर वैरण अंगी लागतेय. शेण कोरडं, घट्ट, वेटोळ्यावर वेटोळं रचल्यासारखं पडत असेल, तर गाय नुसती काडी खातेय, प्रथिनं कमी पडतायत. आमच्या डॉक्टरांनी तेच पाहिलं होतं. शेण तर रोज मीच काढत होते. पण बघत नव्हते.

आणि हो, जनावर विकत घेताना आपण दूध विचारतो, वेत विचारतो. तिनं आजवर कुठलं गवत खाल्लंय तेही विचारा. खिलार माळावरची, डांगी अकोले-इगतपुरीच्या पावसातली. ज्या गवतावर ज्या जनावराची पिढ्यान् पिढ्या गेली, ते तिथं तग धरतं.

आमच्या गाईचं पुढं काय झालं? खनिज मिश्रण सुरू केलं, अश्विनात कापलेलं गवत तिच्यासाठी वेगळं ठेवलं, बांधावरच्या शेवरीचा पाला रोज घातला. दुसऱ्या वर्षी ती गाभण राहिली. पण आधीची तीन वर्षं गेली ती गेलीच. आत्याबाई पुढं कुणी नवीन गाय आणली की सांगायच्या, "गंज किती मोठी ते नको सांगू. गवत कधी कापलंस ते सांग."

तुम्हीही उद्या गवताला जाल तेव्हा एक मूठ हातात घ्या. पान किती आणि काडी किती, ते बघा. गटाच्या बैठकीत दोन वेगवेगळ्या रानांतलं गवत आणून समोरासमोर ठेवा आणि बोला. म्हाताऱ्या बायकांना विचारा, कुठल्या गवतावर दूध वाढायचं. त्यांना माहीत असतं, आपण विचारत नाही.

येते मी. जनावरांना जपा, आणि स्वतःलाही. नमस्कार.